मागच्या खोलीचा इसार

लातुरात त्या काळी माणूस कोणाच्याही घरात पहिल्यांदा गेला की आधी वर बघायचा. घरधनी पाणी विचारत असायचा आणि पाहुण्याची मान वर. डोक्यावर दगडमाती आहे, स्लॅब आहे की पत्रा, हे कळल्याशिवाय कोणी बूड टेकत नसे. भूकंपाला वर्षं उलटून गेली तरी आमची ही खोड गेली नव्हती. माझ्या पहिल्या सौद्यात मीही तेवढंच पाहिलं, वरचं.

तोवर गावात शिकवण्यांना ऊत आला होता. दहावीचा निकाल लागला की नांदेडकडची, उदगीरकडची पोरं लातूर गाठायची आणि त्यांच्यामागे स्टोव्ह, गाद्या घेऊन त्यांच्या आया. माझ्या भाचीसाठी खोली शोधता शोधता मला गल्ल्या पाठ झाल्या. कोण घर विकायला काढतंय, कोणाला हवंय, हे मला दलालांच्या आधी कळायला लागलं. शेवटी एका दलालानेच चहा पाजून या धंद्याची गोम सांगितली. घर विकत घ्यायचंच नाही. मालकाला इसार द्यायचा, तीन महिन्यांची मुदत लिहून घ्यायची आणि तेवढ्यात चढ्या भावाचं गिऱ्हाईक गाठून खरेदीखत परस्पर त्याच्या नावे करवायचं. मधला फरक आपला.

"वहिनी, घराला हात बी लावायचा न्हाई," तो म्हणाला. मुदत टळली तर इसार बुडतो, हे मात्र त्याने चहा संपवून उठता उठता सांगितलं.

मी माझ्या पाटल्या मोडल्या. आमच्या यांना सांगितलं, पॉलिशला टाकल्यात. हे कचेरीत कारकून, शब्दाचे पक्के, आणि तेवढेच संतापी. लग्नात सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या होत्या त्या. त्या दिवसापासून मी पदराने मनगट झाकून यांना वाढू लागले.

घर शिकवण्यांपासून हाकेच्या अंतरावर होतं. मालक साठीचे, बायको वारलेली. मुलाने नांदेडला फ्लॅट घेतला होता आणि मालकांना तिकडे जायचं होतं. मी आत गेले, वर पाहिलं. सगळीकडे पत्रा. जीव भांड्यात पडला. मागच्या खोलीला कुलूप होतं. "अडगळ हाय," मालक म्हणाले. मी अर्ध्या तासात इसार दिला. कुलपामागे काय आहे, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही.

अडीच महिने गिऱ्हाईक मिळेना. जेवण जाईना, झोपेत दचकून उठायची. कोणी दाराची कडी वाजवली की वाटायचं, यांना कळलं. आणि मग जळकोटकडचं एक जोडपं आलं. जुळ्या पोरी यंदा अकरावीला, आईने इथे राहायचं, उरलेल्या जागेत चार पोरी ठेवायच्या. त्यांनीही वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मला इसार दिला, माझ्याकडून सौदा मोडला तर दुप्पट परत, या बोलीवर. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

चौथ्या दिवशी त्यांच्या वकिलाने मला बोलावलं. जागा मालकांच्या वडिलांच्या नावची होती. "वडिलांना मुली किती?" त्याने विचारलं. माझ्याही माहेरी तीन बहिणींच्या सह्या घेतल्याशिवाय विहीर विकली नव्हती, आणि मी एवढी शहाणी, हा प्रश्नच विसरले होते.

तशीच मालकांकडे गेले. "बहीण हाय की," ते शांतपणे म्हणाले. "मागच्या खोलीत ऱ्हाती. तुमी घर बगाया आलात तवा माहूरला गेली व्हती देवीला." मग तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्या, म्हणजे हिस्सा सोडल्याचा कागद, असं मी त्यांना सांगितलं.

खोलीचं दार आज उघडं होतं. आत एक वाळकी बाई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. भूकंपात तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं गेली. पुनर्वसनात मिळालेल्या घरात दीर शिरला. भावाने तिला इथे आणलं आणि तिच्यासाठी ही खोली बांधली; पण आठ महिने ती भिंतींच्या आत आली नाही, अंगणातच झोपायची. हे सगळं तिने मला शेंगा मोडता मोडता सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. माझ्या हातात तिने मूठभर शेंगा दिल्या. मीही मोडत बसले.

बाहेर आल्यावर मी मालकांना हळूच विचारलं, "त्यांचं पुढं काय?"

"नांदेडला जागा कुठं हाय? सूनबाईचं आधीच तोंड वाकडं." त्यांनी डोळे चोळले. "माहूरला एक धर्मशाळावाले ओळखीचे हायत. तिथं ठिवतो. देवीपाशी ऱ्हाईल. तिला अजून सांगितलं न्हाई. लाइटच्या मीटरच्या कागदावर अंगठा पायजे म्हनून सांगतो. तुमी बी काई बोलू नका."

भ्याले मी. भूकंपाच्या पहाटेही इतकी भ्याले नव्हते. तेव्हा निदान सगळी गल्ली माझ्याबरोबर रस्त्यावर होती. आता मी एकटी होते आणि एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती: ही बाई नुसतं नाही म्हणाली तर हा सौदा जागच्या जागी मोडतो. तिला ते माहीत नव्हतं. मला होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यापुढे मला माझ्या पाटल्या दिसत होत्या, जळकोटवाल्यांना परत करायचा दुप्पट इसार दिसत होता आणि यांचा चेहरा दिसत होता. मी स्वतःला समजावत राहिले की हा भावाबहिणीतला मामला आहे, परक्याने मध्ये का पडावं. मी परकी नव्हते. तो कागद मीच करायला लावला होता.

हक्कसोडपत्राच्या दिवशी रिक्षात ती माझ्या शेजारी बसली. नवं लुगडं नेसली होती. रजिस्ट्रीच्या कचेरीत गर्दी, पंख्याखाली घामाचा वास. आमचा नंबर आला. टेबलामागच्या साहेबांनी कागद चाळला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. भला माणूस होता. त्याने घाई केली नाही.

"मावशी, काय लिहिलंय ते समजलंय ना? घरातला हिस्सा सोडून देताय तुम्ही. कोणाची जबरदस्ती नाही ना?"

ती गोंधळली. भावाकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता. मग ती माझ्याकडे वळली.

"हिस्सा म्हंजी गं बाई?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. अजूनही वेळ होता.

"कागदावर लिहावं लागतं तसं, मावशी," मी म्हणाले.

"मग ठीक हाय, साहेब," ती म्हणाली. "ह्या बाईनं समजून सांगितलंय."

तिने अंगठा शाईत बुडवला आणि दाखवतील तिथे दाबत गेली, चारही पानांवर, नीट, एकही ठसा न फिसकटता.

बाहेर पायऱ्यांवर मी कठडा धरला. मालक रिक्षा बघायला पुढे गेले होते. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या अंगठ्याची ओली शाई माझ्या रिकाम्या मनगटाला लागली.

"हात किती गार पडलाय गं तुजा. भिलीस व्हय? मी बी लई भेते कचेरीला." ती चोळत राहिली. "तू संगं हायस म्हनून आले बघ. न्हाई तर आलेच नसते."