साफ तांदूळ

जांबोटीच्या डोंगरात पोहण्याच्या तलावासकट बांधलेला एक आलिशान बंगला आहे. लॉकडाऊनमध्ये तिथं सत्तरीच्या एक बाई एकट्याच अडकल्या होत्या. मुलगा बेंगळुरूला. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं फोनवर बजावलं होतं. माझं किराणा दुकान. दर सोमवारी मी फाटकाशी सामान पोचवायचो.

पहिल्याच खेपेला त्यांनी तांदूळ ओंजळीत घेतले, बोटांतून सोडले आणि पिशवी परत केली.

"किडं हायत काय, आक्का?"

"न्हाय रं, लई साफ हायत. निवडायचं काय मग? बोरगावला पंधरा माणसांचं निवडायची मी. हितं धा खोल्या आणि मी एकटी."

हल्ली तांदूळ यंत्रातूनच साफ होऊन येतो. पुढच्या सोमवारी मी ओढ्यातले खडे धुऊन त्यात मिसळले. या वेळी त्यांनी पिशवी आत नेली.

तिसऱ्या खेपेला त्यांनी पदराची गाठ सोडून ते सगळे खडे माझ्या हातावर ठेवले. मी खाली मान घातली.

"तूच घातलंस नव्हं? लई मोठं हायत रं," त्या म्हणाल्या. "निवडणं दुपारलाच संपतंय. बारीक घालत जा."