पूजा राहिलेली चौकट

"बाबा, सोमवारी तुमचं हे घर इथून उचला. तांदळाची पोती परत इथं लावायचीत," मुख्याध्यापक म्हणाले.

ते माझ्याशी बोलत होते, पण बघत पोरांकडं होते. बारा दिवस झाले होते पोरांसाठी ते खेळायचं घर उभं करून. पहिलीच्या वर्गात तेवीस पोरं, आणि एकानंही त्या घरात पाय ठेवला नव्हता. कडेकडेनं बसायची, बाहेरून हात लावायची, चौकटीला गाल लावून आत बघायची. आत मात्र जायची नाहीत.

मी सुतार. शाळा दुसरीपर्यंत. चोपन्न वर्षं रंधा हातात हाय. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात आणि शेजारच्या चार गावांत मी केलेल्या चौकटी मोजायला बसलात तर दिवस जाईल. आजवर माझं काम कुणी परत घेऊन जा म्हणलं नाही. त्यामुळं सरांचं बोलणं मला लागलं. मी पिशवी उचलली.

झालं होतं असं. पहिलीला नवीन बाई आल्या, काष्टीकडच्या. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात. काही पोरं आईबापांबरोबर जातात, काही मागं आजीजवळ राहतात. मागं राहिलेली पोरं शाळेत येतात, पण दुपारची खिचडी खाल्ली की दप्तर घेऊन घरी. बाईंचं म्हणणं, वर्गात एक खेळाचा कोपरा पाहिजे. छोटं घर, चूल, दुकान. पोरं आपापलं घर-घर खेळतील, बोलतील, मग थांबतील. त्यांनी मला मोबाईलवर फोटो दाखवला. रंगीत प्लास्टिकचं घर होतं.

"बाई, हे उन्हात चार महिन्यांत तडकंल," मी म्हणलो. "मी करतो. लाकडाचं."

"बाबा, साधं करा. आणि उंबरा नको. पोरं अडखळतील."

"उंबऱ्याशिवाय चौकट असती व्हय? तीनच लाकडं असली की त्याला चौकट नाही, तिकाटणं म्हणतात."

बाई हसल्या. मी कुणाचं ऐकत नाही हे त्यांना गावानं आधीच सांगितलेलं असणार.

कडुलिंबाच्या लाकडाची चौकट केली. कडुलिंबाला वाळवी लागत नाही. उंबरा दोनच बोटं उंच ठेवला, तेवढी माझी माघार. वरच्या आडव्या लाकडाला आम्ही गणेशपट्टी म्हणतो, तिच्यावर बोटाएवढा गणपती कोरला. तीन बाजूंना प्लायवूड. सगळ्या कडांवर तीन वेळा काचपेपर फिरवला, मग स्वतःच्या गालावर घासून बघितलं. पोरांचं सामान, कुसळ राहून चालत नाही. आत लाकडाची चूल, एक फळी दुकानाची, तागडी. बाईंनी रिकामे डबे, बंद पडलेला मोबाईल आणि आपली एक जुनी साडी आणून ठेवली.

ज्या दिवशी घर वर्गात उभं केलं, त्या दिवशी बाई खिचडीची हजेरी द्यायला बाहेर गेल्या होत्या. पोरं धावत आली. मी हात आडवा केला.

"थांबा. नवी चौकट हाय. पूजा झाल्याशिवाय चौकटीखालून जायचं नसतं. उद्या नारळ आनतो, मग जावा."

आमच्या धंद्यात हा नियमच हाय. चौकट उभी केली की हळदकुंकू, आंब्याच्या पानांचा टाळा, नारळ. पूजा घरधन्यानं जोडप्यानं करायची, आणि सुताराला मानाचा टॉवेल-टोपी. त्याआधी खालून कुणी गेलेलं मी खपवून घेतलं नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर त्यांचा भाऊ पूजेआधी आत शिरला, मी चौकट काढून परत बसवली.

दुसऱ्या दिवशी नारळ आणायचा होता. पण पहाटे नगरहून निरोप आला, आमच्या मंडळींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर लागला. तिला घेऊन गेलो. आठवडाभर तिथंच. डोळ्यात थेंब टाकायचे, तिनं मला चार शिव्या द्यायच्या, यात नारळ डोक्यातून पार गेला.

परत आलो ते ऐटीत शाळेत गेलो. म्हणलं, पोरं घरात धुडगूस घालत असतील. बघतो तर घर रिकामं. आणि त्याच्या शेजारी भिंतीला माझ्याच उरलेल्या पट्ट्या टेकवून, वर गोणपाट टाकून पोरांनी एक कोपी केलेली. ऊसतोडीवाले कारखान्यावर उसाच्या पाचटाची जी झोपडी करतात तिला कोपी म्हणतात. तीत आठ-नऊ पोरं कोंबून बसलेली. खेळ जोरात.

"का ओ बाई?" मी विचारलं.

"काय माहीत. विचारलं तर म्हणतात, अजून न्हाई जायचं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, खेळताना जबरदस्ती करायची नाही. म्हणून थांबलेय."

माझं डोकं फिरलं. कोरलेल्या गणपतीचं घर सोडून गोणपाटात. मी चार दिवस शाळेकडं फिरकलो नाही. मग शनिवारी सरांनी बोलावलं, आणि तांदळाच्या पोत्यांचं सांगितलं. त्या कोपऱ्यात पूर्वी पोती असायची. आता ती त्यांच्या ऑफिसात होती आणि उंदीर फायली खात होते.

पिशवी उचलून मी दाराकडं निघालो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए, मागं हो. पूजा व्हायचीय अजून."

वळून बघितलं. कार्तिकी नावाची पोरगी. सहा वर्षांची, दोन वेण्या, एक सुटलेली. एका बारक्या पोराचा पाय उंबऱ्यावर पडला होता, तिनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं होतं.

"सुतारबाबा म्हणलेत. पूजेआधी जायचं नसतं."

मी तिथंच खाली बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो. बारा दिवस ही तेवीस पोरं माझ्या एका शब्दावर बाहेर थांबली होती, आणि मी त्यांच्यावर रुसून घरी बसलो होतो.

"सर," मी म्हणलो, "पोती अजून आठ दिवस तुमच्या ऑफिसातच ऱ्हाऊ द्या. चूक माझी हाय." काय चूक ते सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. सर हसले नाहीत, पण थांबले.

दुकानातून नारळ आणला. बाईंनी हळदकुंकू आणलं. एका पोरानं आंब्याची पानं आणली. मी पोरांना गोळा केलं. तर कार्तिकी चौकटीसमोर हात पसरून उभी.

"आत्ता न्हाई."

"का गं?"

"आई-पप्पा आल्यावर. जोडप्यानं करायची असती. तुमीच म्हणला हुता."

तेव्हा मला आठवलं. हिच्या बापाला घरकुल मंजूर झालंय, त्याची चौकट मीच केली होती, दिवाळीच्या आधी. बसवायचा दिवस ठरला, आणि आदल्या दिवशीच ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक न्यायला आला. बाप म्हणला, बाबा, आज घाईत बसवून टाका, पूजा आल्यावर करू. मी म्हणलो, जमायचं न्हाई. पूजा जोडप्याच्या हातची, त्याशिवाय चौकट उभी राहणार न्हाई. ही पोरगी तिथं आईच्या पदराला धरून उभी होती. ती चौकट अजून हिच्या आजीच्या छपरात पोत्यात गुंडाळून उभी हाय. आई-बाप आले की चौकट, चौकट झाली की घर. हिच्या डोक्यात हिशोब सरळ होता, आणि तो मीच घालून दिला होता.

चोपन्न वर्षांत नियम मोडला नव्हता. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. सरही बघत होते.

"कार्तिकी, हे घर कुणाचं?"

"शाळेचं."

"यात ऱ्हानार कोन? सर?"

पोरं हसली. "सर मावायचं न्हाईत," एक जण म्हणाला.

"आमी ऱ्हानार," ती म्हणाली.

"मग घरधनी तुमी. पूजा तुमच्या हातची."

"पन जोडपं?"

"ते मोठ्या घराला लागतं. मी त्या दिवशी अर्धंच सांगितलं. माझं चुकलं."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. खोटं बोलतोय का ते तपासत होती.

"मग आमच्या घराची?"

"ती तुझ्या आई-पप्पाच्या हातचीच. ते येतील त्या दिवशी मी येतो. तोवर तुझी चौकट वाळवी लागू न देता सांभाळायची, मी दर आठवड्याला बघून जाईन."

तिनं हात खाली घेतले. गणेशपट्टीला हात पुरेना म्हणून मी तिला उचललं. तिनं कुंकू लावलं, गणपतीच्या नाकालाही लागलं. नारळ सरांनी फोडला. मग ती उजवा पाय टाकून आत गेली, आणि तिच्या मागं बावीस पोरं. प्लायवूड करकरलं, पण टिकलं.

थोड्या वेळानं ती रिकामा कप घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात तिचा शाळेचा रुमाल, घडी घातलेला.

"च्या घ्या. आनि ह्यो तुमचा मान. टोपी न्हाई आमच्याकडं."

मी चहा प्यायलो. साखर जास्त झाली म्हणून सांगितलं. ती परत आत गेली आणि दुसरा करून घेऊन आली.

गुढीपाडव्याच्या आधी ट्रक परतले. पाडव्याला मी त्यांची चौकट बसवली. बाप उंबरा ओलांडताना गडबडला तर कार्तिकीनं त्याला मागं ओढलं. "पप्पा, उजवा."

पोती अजून सरांच्या ऑफिसात आहेत. खिचडी झाल्यावर पोरं तासभर थांबतात, आणि कोपीही तशीच हाय घराशेजारी. मी ती काढायला गेलो होतो, पोरांनी काढू दिली नाही. म्हणाली, हंगामात तिकडं ऱ्हायाला लागतं.

धंद्यातल्या पोरांना मी आता एवढंच सांगतो. मोठ्या माणसाला नियम सांगा, तो दुसऱ्या दिवशी विसरतो. लहान पोराला सांगाल तर नारळ खिशात घेऊन सांगा.