हात तोच, पाणी दोन

"तुह्या हातानं रोपं मरून राह्यली."

हे ज्यांना ऐकावं लागलं, ते माझे बाबा आज सकाळी गेले.

सत्तावनची गोष्ट. हिंगणघाटला एका शेठच्या बागेत बाबा माळी होते. वय वीस. आदल्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले.

बागेत विहीर होती. बाबांना दोराला हात लावायची मनाई. म्हणून रोपांना नाल्याचं पाणी.

मोरपंखीची रोपं पिवळी पडायची, माना टाकायची. उपटलं की मुळं काळी, मऊ.

शेठ म्हणाला, "धरम बदलला, आता हातबी बाटला का बे?"

नोकरी जाणारच होती. पण बाबांच्या जिव्हारी लागला तो हात.

"माणसाले खराब पाण्यानं हगवण लागते, मंग रोपाले काऊन नाई लागत?"

बाबांनी घरामागे चाळीस कुंड्या मांडल्या. बी एक, माती एक, सावली एक. नालाही तोच. फक्त वीस कुंड्यांना पाणी उकळून, गार करून.

आई हसायची, "आता काजळबी लावा त्यायले!"

महिन्याभरात कच्च्या पाण्याची सोळा मेली. उकळलेल्याची एकोणीस जगली. विसावं शेळीनं खाल्लं. ते बाबा आयुष्यभर वेगळं सांगायचे.

मग शेठसमोर कुजकी मुळं धुतली, ते पाणी तीन धडधाकट रोपांना घातलं. तीही गेली.

पाण्यातल्या त्या बुरशीचं नाव मी पुढे स्वतः वाचून शोधलं, कॉलेजची पायरी न चढता. बाबांनी प्रूफ आधीच दिलं होतं.

ती मेलेली रोपं पाहून शेठ म्हणाला, "उद्यापासून रोपायले विहिरीचं टाक. गडी काढून देईन."

"अन् मले प्याले, मालक?"

"ते घरून आणजो."

त्या दिवसापासून बाबा बाहेरचं पाणी प्यायले नाहीत. लग्नात नाही, एसटीत नाही. वडनेरला मी नर्सरी काढली, विहीर खणली. पहिला घोट घेताना ते रडले.

काल हॉस्पिटलमध्ये घरून आणलेली बाटली संपली होती. बाबांचे ओठ सुकलेले.

"घरचं हाय न, बापू?"

"हो बाबा. आपल्या विहिरीचं."

कूलरचं होतं.

शेळीनं खाल्लेलं रोपसुद्धा वेगळं मोजायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याशी मी खोटं बोललो.

दोन चमचे प्यायले. म्हणाले, "गोड हाय."

बाबा, आज तांब्या घरून भरून आणलाय.

आता विचारा ना.

भावपूर्ण आदरांजली, बाबा.