ग्लोब्युलिन वाढलं, वरण बंद

सकाळी बोटं वळत नाहीत आणि दुपारपर्यंत हातपाय गळून जातात, एवढंच सांगायला मी कारंज्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी रक्त तपासायला लावलं. लिव्हर ठीक, किडनी ठीक, साखर ठीक. फक्त ग्लोब्युलिन या शब्दापुढचा आकडा जाड ठशात छापलेला. "रक्तातलं प्रोटीन हाये हे. जरासं जास्त दिसून राह्यलं. वर्ध्याले मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या," डॉक्टर म्हणाले. 'जरासं' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

हायवेला लागून आमचं धान्याचं दुकान आहे. तूर, चणा, मूग, सगळ्या डाळी. आमचे हे माणूस प्रेमळ, पण जगातली प्रत्येक गोष्ट दुकानाच्या हिशेबाने समजून घेणार. प्रोटीन हा शब्द त्यांनी धरून ठेवला. संध्याकाळी जेवताना माझ्या ताटातली वरणाची वाटी उचलून त्यांनी स्वतःकडे ओढली.

"आजपासून तुले वरण बंद."

"काऊन?"

"प्रोटीन वाढलं ना तुयं? गोडाऊनात माल जास्त झाला का आवक थांबवा लागते. त्यात काय समजाचं?"

डाळ विकणाऱ्याच्या बायकोला डाळ बंद! हसू आलं, रागही आला. तरी मी ऐकलं, कारण काहीतरी उपाय चालू आहे असं वाटायला हवं होतं. वरणामागोमाग बेसनाचं चून गेलं, पातोडी गेली, उसळी गेल्या. उरली भाकर आणि सुकी भाजी.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. ग्लोब्युलिनमध्ये शरीराचे पहारेकरी असतात, रोगाशी लढणारे. ते वाढले म्हणजे शरीर बरेच दिवस कशाशी तरी लढतं आहे. किंवा मग हाडांच्या आतल्या मगजात एखादी पेशी बिघडून एकाच जातीचं प्रोटीन ओतत सुटली आहे.

"म्हणजे कॅन्सर?" मी विचारलं.

"असेलच असं नाही. म्हणून तर अजून एक तपासणी करायची." त्यांनी टेबलावर बोटाने रेघ काढून दाखवली. रक्त नागपूरला जाणार, तिथून आलेख येणार. त्यात एकच टोकदार सुळका निघाला तर काळजीचं, पसरट चढ निघाला तर कारण दुसरीकडे शोधायचं.

रिपोर्ट येईपर्यंत मी कुणाला सुखाने बसू दिलं नाही. स्वयंपाकघरातले डबे उपसले, घासले, पुन्हा तसेच भरले. दुकानात जाऊन हमालांवर खेकसले. फोनवर वाचत बसले. ग्लोब्युलिन वाढायची कितीतरी कारणं तिथे होती, लिव्हरचा जुना आजार, टीबी, संधिवात, पण माझी नजर फिरून फिरून मगजावरच जाऊन पडायची. मग फोन पालथा घालायचा आणि उठून हायवेपर्यंत चालत जायचं. तिथे धाब्यापुढे ट्रक उभे असत, मी उगाच त्यांच्या पाट्या वाचत उभी राही. मला मरायचं नव्हतं. इतकं साधं वाक्य, पण घरात कुणापुढे बोलता येईना. यांच्यापुढे तर नाहीच, कारण ते रोज माझं ताट तपासत आणि डाळीचा दाणा दिसला नाही की त्यांना बरं वाटे.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्याच एसटीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी आलेख माझ्यासमोर ठेवला. सुळका नव्हता. पसरट, गोल चढ होता. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की सोडताना बोटं दुखली.

"पहारेकरी सगळ्याच जातींचे वाढलेत. आता ते कशाशी लढतायत ते बघू," त्या म्हणाल्या.

यांना धीर कुठला. "मॅडम, डाळ तर म्या तिची पुरी बंद केली."

"डाळ? ती कशाला? डाळ खाल्ल्याने हे वाढत नाही हो. उलट बंद केल्याने अशक्तपणा यायचा." त्या चांगल्याच वैतागल्या. "मग खातात काय या?"

"भाकर. पण वरण नाई तर हर घासाले पाणी पेते. गिळल्याच जात नाई तिले."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. मला जीभ दाखवायला लावली. किडलेले दात बघितले. मग एकदम विचारलं, "रडताना डोळ्यांत पाणी येतं?"

मी यांच्याकडे बघितलं. "बरीच वर्षं झाली, नाही येत," मी म्हटलं.

त्यांनी खालच्या पापण्यांच्या आत कागदाच्या बारीक पट्ट्या अडकवल्या. काढल्या तेव्हा त्या जवळजवळ कोरड्या होत्या. आजाराचं नाव सांगितलं, ते मला अजून धड म्हणता येत नाही. शरीराचे पहारेकरी चुकून आपल्याच थुंकीच्या आणि आसवांच्या ग्रंथींवर उलटतात म्हणे. नक्की म्हणायला आणखी तपासण्या लागणार होत्या, औषधं बरीच वर्षं चालणार होती. हे सगळं यांनी मन लावून ऐकलं. माझं लक्ष उडालं होतं.

आई गेली तेव्हा पवनारला, माहेरच्या अंगणात, ताई तिच्या अंगावर पडून रडत होती. मी शेजारी बसले होते, छाती दुखत होती आणि डोळे कोरडे ठणठणीत. बाया कुजबुजल्या. दहाव्याला ताईने सगळ्यांसमोर विचारलं, "तुले आईचं काहीच नाई वाटलं काय वं?" त्यानंतर आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं. खरं सांगायचं तर आपण दगड आहोत असं मलाही वाटायला लागलं होतं.

मी यांना कारंज्याच्या गाडीत बसवलं आणि पवनारची बस धरली. ताई तिथेच दिलेली. दारात तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, ग्लोब्युलिनपासून पापणीतल्या पट्टीपर्यंत.

तिच्या हातातलं सूप खाली गेलं. "म्हंजे तवा तू रडून राह्यली होती?"

"हो ताई."

ती जवळ आली आणि पदराने माझे कोरडे डोळे पुसू लागली.