चार अंशांवरचा संगणक

समस्त शिरूर व दौंड तालुक्यांतील सुज्ञ जनतेस कळविण्यात येते की, घरगुती संगणक गार ठेवण्यासाठी त्याला दुधाच्या टाकीसारखे शीतयंत्र बसवावे की बसवू नये, या गंभीर प्रश्नाचा निकाल आमच्या शिरूरच्या माडीवर लागलेला आहे. न्यायाधीश मी होतो. निकाल ज्यांच्या विरुद्ध गेला, ते आमचे चिलरआप्पा. ते आता नाहीत. त्यामुळे ही घोषणा मी उभा राहून, डोक्यावरची टोपी काढून करतो आहे असं समजावं.

आप्पा माझ्या बायकोचे चुलते, राहणार वरवंड. उभं आयुष्य दूध शीतकरण केंद्रातल्या गार टाक्या, म्हणजे ‘चिलर’, दुरुस्त करण्यात गेलं. समोर येईल त्या वस्तूवर आधी तळहात ठेवायचा आणि मगच तोंड उघडायचं, ही त्यांची रीत. गाडीचं इंजिन असो, विजेचं बटण असो की आजारी म्हैस. आमच्या लग्नात आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ थांबले आणि पुतणीला म्हणाले, “सुनी, पावणं लई तापत न्हाईत. चालंल.” मांडवात हशा पिकला. आप्पांचा चेहरा मात्र तपासणी संपवलेल्या माणसासारखा गंभीर होता.

त्यांच्या जगात एकच आकडा होता, चार. धारेचं ऊन दूध चार अंशांवर आणलं की टिकतं, नाहीतर नासतं. हा नियम त्यांनी दुधापुरता ठेवला नाही. भावकीत बांधावरून जुंपली की मध्ये उभे राहून म्हणायचे, “आधी चारवर या दोघं, मग बोला.” आणि गंमत म्हणजे माणसं खरंच गप्प व्हायची.

पुढे केंद्रात नव्या टाक्या आल्या. त्यांच्या दुरुस्तीला कंपनीची माणसं येऊ लागली आणि आप्पा घरी आले. मुलगा दिलीप शिक्रापूरला कारखान्यात, भाड्याच्या खोलीत राहणारा. तो सारखा म्हणायचा, “आप्पा, हत्यारं विकून टाका आन् इकडं येऊन बसा. तुमच्या कामाला आता कोण विचारतंय?” पोरगं मायेनंच बोलत होतं. पण त्यातला ‘बसा’ आप्पांना गिळवत नव्हता. “दूध ठिवलं तर नासतं, माणूस बसवलं तर नासतं,” असं ते माझ्या बायकोपाशी बोलले.

मी लग्नाच्या चित्रफिती जोडण्याचं काम घरीच करतो. पत्र्याखालची माडी, मे महिना, त्यात नवरानवरीचा हार घालतानाचा क्षण आला की संगणक तापून नेमका बंद पडायचा. हा किस्सा मी जेवताना सगळा अभिनय करून सांगितला. सगळे हसले. आप्पांनी घास खाली ठेवला. “मी गार करतो त्याला,” ते म्हणाले. “तुमच्याकडं लग्नसराईभर चाललं, तर वरवंडात ह्याचंच दुकान टाकतो. न्हाई चाललं, तर शिक्रापूरला जाऊन बसतो.”

मग एके सकाळी भीमा ओलांडून, न्हावऱ्याच्या रस्त्यानं आप्पांची मोटारसायकल आली. मागे जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर दोरीनं बांधलेला, गळ्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं. थर्माकोलच्या खोक्यात पाणी, पाण्यात ती नळी, एक छोटा पंप आणि पंपातून संगणकाच्या पोटात गेलेल्या दोन नळ्या. आप्पांनी खटका फिरवला तो थेट चारवर.

“आप्पा, चाळीसवरसुद्धा तो मजेत चालतो.”

“चाळीस? चाळीसला काय ऱ्हातंय, जावईबापू!”

संगणक बर्फासारखा गार पडला, हे मान्य. पण त्याच्यातली सगळी उष्णता कॉम्प्रेसरनं खोलीत आणून ओतली. घरघर अशी, की मंगलाष्टकं ऐकू येईनात. पदरानं वारा घेत बायको म्हणाली, “संगणक चारवर आन् माणसं भट्टीवर. आप्पा, मलाबी एक नळी जोडा!” आप्पा पहिल्यांदा खळखळून हसले. यंत्र चाललं तेवढे दिवस ते वीस वर्षांनी लहान दिसत होते.

मग नळ्यांवर दव धरू लागलं. गार टाकीला बाहेरून घाम येतोच, त्याचं आप्पांना काही वाटलं नाही. केंद्रात टाकी फडक्यानं पुसायची आणि फरशीवर पाणी लोटायचं, एवढंच. त्यांनी माझ्या बायकोच्या हातात फडकं दिलं आणि नळ्यांना गोणपाट गुंडाळलं. पण टाकीखाली फरशी असते, नळीखाली संगणकाचा बोर्ड होता. गोणपाट ओलं झालं, थेंब सुटला आणि एका हळदीच्या मध्यावर पडदा काळा झाला. बोर्ड गेला. चित्रफिती वेगळ्या डिस्कवर होत्या, त्या वाचल्या.

निरोप मिळताच आप्पा वरवंडहून आले. बोर्ड उन्हाकडे धरून पाहिला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. “जावईबापू, गोष्ट रंगवू नका. घरच्या संगणकाला हे फायद्याचं हाय का न्हाई?”

“नाही, आप्पा. धूळ झाडली, मोठा पंखा लावला, पत्र्याखालून खालच्या खोलीत आणला की झालं. यानं संगणकापेक्षा जास्त वीज खाल्ली, खोली तापवली आणि वर पाणी पाडलं.”

“म्हंजी त्याला आजारच नव्हता?”

“नव्हता.”

“मग उगाच औशीद पाजलं म्या.” त्यांनी नळ्या सोडल्या, पाणी मोरीत ओतलं. जिन्यावरून उतरताना म्हणाले, “दिलीपला फोन करा. येतो म्हनावं.” मी फोन लावला.

शिक्रापूरची खोली हमरस्त्याला लागून होती. दिलीप पाळीला गेला की आप्पा दारात बसून ट्रक बघायचे. मी फोनवर विचारायचो, “आप्पा, काय चाललंय?” पलीकडून एकच शब्द यायचा, “बसलोय.”

गेल्या उन्हाळ्यात सकाळी चहा घेता घेता ते गेले. वरवंडला आणलं. आप्पांची लेक नागपूरहून निघाली होती, ती संध्याकाळी पोचणार. तोवर ठेवण्यासाठी काचेची शीतपेटी मागवली. भर दुपारी, ओटीवर सगळी भावकी जमलेली असताना पेटीची घरघर थांबली. कुणी वायर हलवली, कुणी बटण दाबलं, कुणी पेटीवाल्याला फोन लावला. तो उचलेना. काचेवरचा गारवा विरत चालला. दिलीप गुडघ्यावर बसून पेटीमागची जाळी ओढत होता. ती निघेना. त्यानं घामानं भिजलेलं तोंड वर केलं आणि सगळ्यांवर ओरडला, “आरं, नुसतं बघताय काय? आप्पांना बोलवा की कुणीतरी!”