वापरलेल्या रंगांचे रहीमचाचा

गेले चार दिवस मी हाताने फेस काढून दाढी करतो आहे. या अन्यायाची नोंद प्रस्तुत गौरवग्रंथात झालीच पाहिजे, असा माझा संपादक मंडळाकडे आग्रह आहे. एकोणीस वर्षं इमानेइतबारे माझ्या गालांची सेवा केलेला दाढीचा ब्रश आमच्या सौभाग्यवतींनी मला न विचारता रहीमचाचांच्या दुकानात देऊन टाकला. तक्रार घेऊन गेलो, तर चाचा म्हणाले, "सर, याच्यानं आभाळ काय मस्त उतरते, पाहा तर!" शेजारी एक बाई खरोखरच त्या ब्रशाने कागदावर ढग उतरवत होत्या. माझ्या चेहऱ्यावर त्याने इतकं चांगलं काम कधीच केलं नव्हतं. दिग्रसमध्ये आता घरात जुनं, झिजलेलं, अर्धवट असं काही शिल्लक ठेवण्याची सोय उरलेली नाही. पतिराजांनी जपून राहावं.

ही आपत्ती गावावर आणणारे पेंटर रहीमचाचा यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती एका भिंतीपाशी. मी महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकताच आलो होतो आणि स्नेहसंमेलनाचं स्वागतवाक्य रचण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते मन लावून रचलं. चाचांनी शिडीवर चढून लिहायला घेतलं. दुपारी शिपाई धावत आला. मी गेलो. चाचा शिडीवरूनच म्हणाले, "सर, भित सरली, पण तुमचं वाक्य काही सरून नाही राह्यलं." पुढे मी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहू लागलो. माझी वाक्यं आखूड असतात असं वाचक म्हणतात. त्याचं श्रेय विद्यापीठाचं नाही, त्या भिंतीचं आहे.

चाळीस वर्षं या गावातली प्रत्येक पाटी चाचांच्या हातची होती. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत पाट्या संपल्या. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. चाचांनी कपाट उघडलं. त्यात ब्रश होते, अर्धे डबे होते. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की, असं कपाट गावात घरोघरी आहे. चित्रकलेच्या परीक्षेपुरते घेतलेले रंग, दोनदा वापरलेले बोर्ड, कोणाच्या तरी राहून गेलेल्या हौसेचे ब्रश. एकीकडे हे सगळं वाळत पडलेलं आणि दुसरीकडे नवी पेटी घेणं जमत नाही म्हणून चित्र न काढणारी माणसं! चाचा सायकलवर पिशवी लावून हे सगळं गोळा करत दारोदार फिरले. उतरवलेले फ्लेक्सही त्यांनी आणले. पुढे वाढदिवसाचे पुढारी हात जोडून उभे, मागे कोरी पांढरी बाजू. त्या बाजूवर लोक पळस रंगवू लागले. पुढाऱ्यांच्या पाठीचा समाजाला झालेला हा पहिलाच उपयोग असावा.

या दुकानासाठी कापसाच्या जिनिंगच्या आवारातली एक खोली जिनिंगचे मालक गोवर्धनसेठनी दिली, पण मुदतीवर. "दसऱ्यापर्यंत वापरा, चाचा. कापूस आला की मले बारदानाले जागा लागते. लोक आले तर पाहू पुढचं."

इथे माझा प्रवेश होतो. तो खलनायकाचा आहे. मी सदरात त्या दुकानावर लिहिलं, आणि हशा पिकावा म्हणून त्या रंगांना 'उष्टे रंग' म्हटलं. हशा पिकला. त्याच आठवड्यात एका शिक्षकांनी वर्गात बजावलं की, परीक्षेला उष्टे रंग आणायचे नाहीत. लोकांनी पिशव्या आणणं थांबवलं. पंधरा दिवस चाचा खोलीत एकटे बसून ब्रश धूत होते. दसरा जवळ येत होता. मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं.

चाचांनी माझ्याशी भांडण केलं नाही. पोळ्याच्या आठवडाभर आधी त्यांनी जिनिंगच्या फाटकावर एक फ्लेक्स उलटा करून टांगला आणि त्यावर आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं : 'तान्ह्या पोळ्याचा जुना बैल आणा. जुन्या रंगानं नवा करून न्या.'

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात. हे बैल दरवर्षी कोणी विकत घेत नाही. माळ्यावरून काढतात, पुसतात, रंगवतात. फ्लेक्स टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या कमलाबाई एक शिंग मोडलेला बैल काखेत मारून आल्या. पुढचा संवाद त्यांनीच नंतर साऱ्या गावाला ऐकवला, म्हणून मला ठाऊक आहे.

"चाचा, इथलं समदं उष्टं हाय म्हन्ते लोक."

"हा बैल कोणाचा, ताई?"

"माह्या सासऱ्याचा. मंग माह्या मालकाचा, मंग पोराचा. आता नातवाचा."

"चार पिढ्या खेळल्या तरी बैल उष्टा नाही, अन् माह्या डब्यातला रंग काहून उष्टा?"

कमलाबाई कंबरेवर हात ठेवून हसल्या. "हे बाकी खरं हाय! काढा मंग निळा!"

दुसऱ्या दिवशी त्या अर्धा तांडा घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर रांग! काय ती रांग, महाराज! आजोबा, सुना, मेकॅनिक, पोस्टमन, सगळ्यांच्या काखेत बैल. चाकं निखळलेले, शेपट्या गेलेले, पंचवीस वर्षं माळ्यावर धूळ खाल्लेले बैल! येताना लोक घरातले अर्धे डबेही घेऊन येत होते. ते बजावणारे शिक्षकही रांगेत होते आणि हिरव्यासाठी भांडत होते. आणि एका दुपारी खुद्द गोवर्धनसेठ आले. त्यांच्या हातात त्यांच्या लहानपणचा बैल होता. झूल रंगवून होईपर्यंत ते स्टुलावर बसून होते. उठताना म्हणाले, "बारदान मी मागच्या शेडमधी टाकतो. तुम्ही राहा इथंच."

"कधीपर्यंत, सेठ?"

"बैल झिजेपर्यंत."

शेवटच्या संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, मी लेकीचा बैल टॉवेलात गुंडाळून गेलो. चाचांनी टॉवेल उघडला, बैल पाहिला, मला पाहिलं. लाल रंग संपला होता. ते आत गेले आणि एक डबा घेऊन आले. आपल्या शेवटच्या पाटीतला उरलेला लाल त्यांनी जपून ठेवला होता. तो सगळा माझ्या बैलाच्या झुलीवर गेला. "लालाशिवाय झूल कशी दिसन, सर?"

मी म्हणालो, "चाचा, तो लेख..."

"वाचला न मी. बारीक अक्षरात छापते तुमचा पेपर. दुरून कोणाले दिसत नाही. कायले मनावर घेता?"

एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. मी मात्र मिटवलेला नाही. तो शब्द मी या ग्रंथात, शक्य तितक्या मोठ्या टाइपात, परत घेतो. संपादकांनी कृपया काटकसर करू नये.

चाचांचा हात असाच स्थिर राहो, नजर असल्याच बारीक अक्षरावर हसत राहो आणि गुडघे निदान शिडीच्या चार पायऱ्यांपुरते त्यांच्या आज्ञेत राहोत. शंभरीच्या ग्रंथातही मलाच लिहायला सांगावं, असा मी आत्ताच अर्ज करून ठेवतो.

हा लेख संपवून आज दुपारी दुकानात गेलो. चाचा नमाजला गेले होते. आमचं फाटक रंगवून उरलेला लाल रंगाचा डबा मी झाकण ठोकून पक्कं करून फळीवर, निळ्याच्या शेजारी, ठेवला आणि परत आलो. अर्धा वापरलेला आहे.