मोठेबाबांची जीप: ठेवायची की काढायची

दारात माणूस उभा राहिला की मोठेबाबा "कोन हाय?" असं कधी विचारत नसत. "कुठी जाचं हाय?" हाच त्यांचा पहिला प्रश्न. समोरच्याचं उत्तर येईपर्यंत खुंटीवरचा सदरा त्यांच्या अंगात गेलेला असे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. गाव वाशीम जिल्ह्यात, शिरपूरच्या अलीकडे, पण पक्क्या रस्त्यापासून आत. मध्ये नाला, आणि नाल्यापर्यंत सगळी काळी माती. पावसाळ्यात त्या वाटेवर बैलगाडी रुतून बसायची. निघायची ती एकट्या मोठेबाबांची जीप.

ही जीप त्यांनी तरुणपणी सरकारी लिलावात घेतली होती. हिरवा रंग कुठे खरवडला की खालचा खाकी दिसे. गिअरच्या दांड्याशेजारी एक दुसरा, आखूड दांडा होता. तो ओढला की चारही चाकांना जोर लागायचा. नाल्यात उतरण्याआधी मोठेबाबा मागे वळून म्हणत, "धरून बसा रे," आणि दांडा ओढत. मग पलीकडच्या काठाला लागेपर्यंत कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही, असा नियमच होता. अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेली माणसं, परीक्षेला निघालेली पोरं, सगळी त्या जीपमधून गेली. पोहरादेवीच्या यात्रेला निघालेलं एक कुटुंब तर कोंबड्यासकट गेलं, आणि तो कोंबडा वाटेत मोठेबाबांच्या खांद्यावर येऊन बसला. त्यांनी त्याला हाकललं नाही. "त्यालेही समोरचा रस्ता पाह्याचा असन," म्हणाले.

जीपचा हॉर्न फार वर्षांपूर्वी बंद पडला होता. तो त्यांनी दुरुस्त केलाच नाही. वळण आलं की डावा हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि उजव्या हाताने बाहेरून दारावर दोन थापा मारायच्या. शिरपूरच्या बाजारातही तेच. मी एकदा नवा हॉर्न बसवू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "होरन कायले पाह्यजे? मले कोन ओळखत नाई?"

मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, जीपला सवत म्हणायची. "माही सवत हाय, पन गुनाची हाय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. समोरच्या सीटवर घडी केलेली गोधडी टाकून ती बसे, कोपर बाहेर काढून, डोक्यावरचा पदर दातात धरून. मोठेबाबांना ती चालवता चालवता सूचना देई, आणि नाल्यात बोलायचं नाही हा नियम तेवढा तिच्यासाठी नव्हता. "डाव्या अंगाले घ्या, तिकडं दगड हाय." मोठेबाबा घ्यायचे.

जीप म्हातारी होत गेली तशी तिची सगळी भिस्त रफिकभाईंवर आली. मालेगावला त्यांचं गॅरेज होतं. ही जीप उघडून पुन्हा जोडणारे आमच्या भागात ते एकटेच उरले होते. अकोल्याच्या भंगारात हिंडून ते जुने भाग शोधून आणत. मग हळूहळू भंगारातही काही मिळेनासं झालं. "बाबा, कंपनीनं बनवनंच बंद केलं. मी कुठून आनू?" ते म्हणायचे. मोठेबाबा त्यांच्या हातचा चहा प्यायचे, म्हणायचे, "तू पाह्य, भेटन," आणि घरी यायचे.

अशातच मोठ्या आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा तिला वाशीमला डायलिसिसला न्यावं लागे. जाताना ती ठीक असायची. येताना अंगात त्राण नसे, आणि जीप तर साध्या रस्त्यावरही हाडं मोजायची. मोठेबाबा बैलाच्या चालीने गाडी हाकायचे. मागून येणारे भोंगे वाजवत पुढे जायचे. खड्डा आला की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि ती आठी बघून मोठेबाबांच्याही.

त्यांचा मुलगा विलास पुण्याला असतो. दिवाळीत तो आला तेव्हा त्याने विषय काढला. आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. विलास म्हणाला, "बाबा, जीप काढून टाका. मी कार घेऊन देतो. एसी, मऊ सीट. आईचे किती हाल होतात."

"अन पावसायात? तुही कार नाला उतरन काय?" मोठेबाबा म्हणाले.

"या वर्षी पूल होणार म्हणतात."

"म्हनतात," मोठेबाबा म्हणाले.

महामार्गावर एकाने नवा ढाबा टाकला होता. त्याला ढाब्यासमोर उभी करायला जुनी जीप हवी होती. वर दिव्यांच्या माळा सोडायच्या, लोकांनी फोटो काढायचे. तो माणूस येऊन बघूनही गेला होता. विलासने त्याचं नाव घेतलं तसे मोठेबाबा मोठ्या आईकडे वळले. आजवर जीपवरून घरात जितकी भांडणं झाली, त्यात ती जीपच्या बाजूने उभी राहिलेली आम्ही पाहिली होती. तिने पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, आणि म्हणाली, "नवी घ्या. मले आता हादरे सोसत नाई."

मोठेबाबांनी अंगणातल्या जीपकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबू, तू सांग." मी शाळेत शिकवतो, चार लोक मला सल्ला विचारतात, पण इथे दोन्ही बाजू खऱ्या होत्या. कार नसली तर मोठ्या आईचे हाल, जीप नसली तर पावसाळ्यात वाट बंद. शेवटी दोन्ही ठेवायचं ठरलं. कार आली. पावसाळ्यात ती नाल्यापलीकडे, पक्क्या रस्त्याच्या कडेला ठेवायची. जीपने मोठ्या आईला नाला पार करून आणायचं आणि पुढे मी कारने वाशीमला न्यायचं. यापेक्षा शहाणा मार्ग आम्हाला दिसला नाही.

पूल झाला नाही. श्रावणात एका सकाळी, डायलिसिसच्याच दिवशी, नाल्याला पाणी आलं. फार नव्हतं, गुडघाभर असेल. मी आधीच पलीकडे जाऊन कार सुरू करून ठेवली होती. समोरून जीप येताना दिसली. मोठी आई गोधडीवर बसलेली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. मोठेबाबांनी काठावर थांबून आखूड दांडा ओढला आणि जीप पाण्यात उतरली. अर्ध्यात आल्यावर एंजिनाचा आवाज एकदम चढला, खाली काहीतरी कटकन तुटलं, आणि चाकं जागीच थांबली. एंजिन चालू होतं, गाडी हलत नव्हती. मोठेबाबांनी दांडा पुन्हा ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. मग एंजिन बंद करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. एका काठाला मी चालू कार घेऊन उभा, मधोमध जीप, आणि पाणी चाकाच्या वर चढत होतं. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला आता आठवत नाही.

गावातली माणसं धावत आली. कोणीतरी घरची बाज उचलून आणली. तिच्यावर मोठ्या आईला निजवून चौघांनी खांद्यावर घेतलं. मोठेबाबा कमरेइतक्या पाण्यातून बाजेला धरून चालत होते. काठावर आल्यावर मोठी आई माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन दोन गाड्या, अन मी बाजीवर." आणि हसली. मोठेबाबा हसले नाहीत. वाशीमला पोचेपर्यंत तिची डायलिसिसची वेळ निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर लागला.

जीप ट्रॅक्टरने ओढून काढली. रफिकभाई स्वतः गावात आले, खाली शिरून बघितलं, बाहेर येऊन हात पुसत राहिले. म्हणाले, "बाबा, आता माह्या हातचं नाई राह्यलं." मोठेबाबांनी त्यांना चहा पाजला आणि "तू पाह्य" म्हणाले नाहीत.

मोठी आई दसऱ्यानंतर गेली, वाशीमच्या दवाखान्यात. एका दिवसाच्या उशिराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोठेबाबांनी ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. दरवेळी मान हलवली. घरी आल्यावर मला विचारलं, "तुले काय वाट्टे?" मीही तेच सांगितलं. त्यावरही त्यांनी मान हलवली.

मग विलास त्यांना पुण्याला न्यायला आला. एकट्याने इथे राहणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं. निघायच्या दिवशी ढाबेवाल्याचा फोन आला. विलासने विचारलं, "काय सांगू त्याला?" मोठेबाबा जीपकडे गेले, समोरची गोधडी काढली, झटकली, काखेत धरली. माझ्याजवळ येऊन किल्ली दिली. म्हणाले, "विकून टाक. पन विकली का मले सांगजो नको." आणि कारमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसले.

मी ढाबेवाल्याला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा परत पाठवलं. दिव्यांच्या माळा डोळ्यांसमोर यायच्या. रफिकभाईंनी भंगारवाल्याचा नंबर दिला, तो मी लावला नाही. जीप ठेवून काय करायचं तेही माहीत नाही. ती चालत नाही, चालणारही नाही. पावसात टपाखाली कुत्री बसतात. विकली नाही हे मोठेबाबांना सांगावं तर सगळं पुन्हा त्यांच्या अंगावर जाऊन पडेल. म्हणून सांगत नाही.

रविवारी त्यांचा फोन येतो. तुरीला शेंगा धरल्या का, शाळा कशी चालली, सगळं विचारतात. त्या एका गोष्टीचं नाव काढत नाहीत. मागच्या रविवारी बोलून झालं असं वाटून मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "बाबू, आंगन मोठं दिसत असन ना आता?"

मी दारातच उभा होतो. समोर कडुनिंबाखाली जीप होती, टपावर पाचोळा पडलेला.

"हो, मोठेबाबा," मी म्हणालो.

मग म्हणाले, "बरं झालं."